चिपाडेसर

मंगळवेढ्याकडून कडबा भरलेला ट्रॅक्टर सोलापुरात शिरत असला, की त्याच्या मागे थोडं अंतर राखून एक जुनी स्कूटर येत असते. ती चिपाडेसरांची. पेंढीतून काडी निसटून रस्त्यावर पडली की स्कूटर थांबते. सर उतरतात, काडी उचलतात, वाकवून बघतात, मोडतात, मोडलेल्या टोकाकडे एक डोळा बारीक करून पाहतात, ती खिशात पेनाशेजारी खोचतात आणि मग निवांत किक मारायला लागतात. तोवर मागे दोन रिक्षा, एक सिटी बस आणि लग्नसराई असेल तर एक वरात खोळंबलेली असते. "ओ काका, सोनं गावलं काय?" असं रिक्षावाला ओरडतो. सर मागे वळून अगदी मनापासून सांगतात, "सेल्युलोज!"

चिपाडे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकात आणि घराच्या पाटीवर आहे. पाटीवर गुळवेल चढली आहे आणि सर ती छाटू देत नाहीत, त्यामुळे हल्ली फक्त पगारपत्रकात. पोरांनी ठेवलेलं नाव इतकं चपखल बसलं, की एकदा प्राचार्यांनी भर सभेत "आपले चिपाडेसर दोन शब्द बोलतील" म्हटलं आणि कुणालाही हसू आलं नाही. सर उठले आणि दोन शब्द बोलायला पाऊण तास घेऊन बसले. अंगकाठीही नावाला शोभेशी, रस काढून घेतलेली.

जिल्ह्याच्या गावी प्रत्येक कॉलेजात असा एक प्राध्यापक असतोच. इतिहासाचा असला तर वीरगळ मोजत हिंडतो, भूगोलाचा असला तर ओढ्यांचे उगम शोधतो, आमच्या मराठीचा असला तर म्हाताऱ्यांना गाठून ओव्या लिहून घेतो. बायको वैतागलेली असते, पोरं नकला करतात, आणि संस्थाचालक "फार चांगला माणूस" असं म्हणून बढती दुसऱ्याला देतात. ही माणसं बहुतेक मागे बघणारी, त्यामुळे त्यांचा कुणाला उपद्रव नसतो. वीरगळ मोजला म्हणून कुणाच्या गोठ्यातला चारा कमी होत नाही. चिपाडेसर निघाले पुढे बघणारे. त्यांना शेतातल्या काडीचं मोटारीचं इंधन करायचं आहे, आणि तेही निसर्गाला ओरखडा न काढता.

इथेनॉलचं सोलापूरला अप्रूप नाही. जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाची साखर होते, मळीचं अल्कोहोल होतं, ते पेट्रोलमध्ये जातं. "साखरेपासून दारू काय, कुणीही करील!" हे सरांचं लाडकं वाक्य. संस्थाचालकांसमोर ते म्हणू नका, असं त्यांना दोनदा बजावून झालं आहे, कारण संस्थाचालकांचा कारखाना आहे. सरांचं म्हणणं असं की, साखर काडीतही आहे. कडबा, पाचट, तुराट्या, जे जे वाळून उभं राहतं त्याच्या अंगात निम्म्याहून जास्त साखरच असते. फक्त ती एकीला दुसरी जोडून, सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या करून, वर लिग्निन नावाचा चिवट थर चढवून निसर्गाने अशी बंद केली आहे, की किडा, बुरशी, पाऊस कुणालाही ती सहज लुटता येऊ नये. ते कुलूप उघडलं की पुढचं काम सोपं. एन्झाइमांनी साखळ्या तोडायच्या, सुटी साखर यीस्टच्या हवाली करायची. सगळं घोडं कुलपापाशी अडलेलं आहे, आणि सरांचं उभं आयुष्यही.

हे पोरांना समजावताना सर तासभर 'लिग्नोसेल्युलोजिक मॅट्रिक्स' हा एकच शब्द वेगवेगळ्या चेहऱ्यांनी उच्चारत राहिले. मागच्या बाकावर एकजण झोपला, पुढच्या बाकावरचे टिपण घेत होते म्हणजे तेही झोपलेलेच. शेवटी शहराच्या पूर्वभागातली एक मुलगी उठली. घरात यंत्रमाग, बोली तेलुगू, मराठी सोलापुरी. म्हणाली, "म्हणजे सर, आधी खळ काढायची." सरांना कळेना. तिनं सांगितलं. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, सायझिंग करतात. कापड झालं की ती खळ उतरवावी लागते, नाहीतर रंग धरत नाही. उभा धागा तुमचं सेल्युलोज, आडवा ते दुसरं, आणि वरची खळ म्हणजे लिग्निन. खळ आहे तोवर रंग आत शिरत नाही, लिग्निन आहे तोवर तुमचं एन्झाइम शिरत नाही. एवढंच ना सर?

सर खडू हातात धरून उभे राहिले. मग वळून त्यांनी फळ्यावरचं सगळं पुसलं आणि 'खळ' एवढाच शब्द लिहिला. तेव्हापासून परिषदांमध्येही ते हेच सांगतात, आणि दर वेळी त्या मुलीचं श्रेय देतात. विद्यार्थ्याचं श्रेय देणारा मार्गदर्शक हा वीरगळाइतकाच दुर्मीळ प्रकार आहे, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

खळ काढायच्या जुन्या रीती आहेतच. सौम्य गंधकाम्ल घालून उच्च दाबाखाली उकळा, नाहीतर कॉस्टिक सोड्यात शिजवा. पण आम्ल भांडी खातं, नंतर त्याला मारायला चुना लागतो, चुन्याचा राडा कुठे टाकायचा हा वेगळा प्रश्न, आणि उष्णता जरा चढली की सुटलेल्या साखरेचंच फुरफुराल होतं, जे यीस्टला सोसत नाही. सरांना यातल्या प्रत्येक पायरीचा नैतिक त्रास होतो. त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारामागे अ‍ॅनास्टस आणि वॉर्नर यांनी 1998 मध्ये मांडलेली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मराठीत लिहून टांगलेली आहेत. पहिलं तत्त्व असं : कचरा झाल्यावर निस्तरण्यापेक्षा तो होऊच देऊ नये. विभागाचे शिपाईमामा झाडू टेकवून ते रोज वाचतात आणि रोज म्हणतात, "एवढं एक कलम पाळलं तरी माझी निम्मी ड्यूटी कमी होईल." कारण खोलीत पाय ठेवायला जागा नाही. कोपऱ्यात धसकटं, खिडकीत तुराट्या, कपाटावर पाचट, आणि फ्यूम हूडमध्ये एक मांजर व्यालेली.

सरांचा तोडगा म्हणजे हिरवे द्रावक. इंग्लंडात लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अ‍ॅबट आणि मंडळींनी 2003 मध्ये एक गंमत प्रसिद्ध केली. कोलीन क्लोराइड नावाचा पांढरा क्षार वितळायला 302 अंश लागतात. युरिया वितळतो 133 अंशांना. एकास दोन रेणू या प्रमाणात दोघांना एकत्र केलं, की मिश्रण 12 अंशांनाच पातळ! ना पाणी घातलं, ना स्पिरिट. दोघांचे रेणू एकमेकांचे हात असे धरतात, की स्फटिक होऊन ताठ बसायची कुणालाच सवड राहत नाही. युरियाच्या जागी लॅक्टिक आम्ल किंवा ऑक्झॅलिक आम्ल घेतलं, तर असा द्रव काडीतलं लिग्निन विरघळवून बाहेर काढतो आणि सेल्युलोज बऱ्यापैकी तसंच मागे ठेवतो. वास नाही, वाफ नाही, भडका नाही. गाळून पुन्हा वापरा.

ही गंमत सर स्टाफरूममध्ये करून दाखवतात. नवा माणूस रुजू झाला की त्याला चहा नंतर, हे आधी. दोन पांढऱ्या पुड्या काचेच्या पेल्यात ओततात, पेला गरम पाण्याच्या वाटीत धरतात आणि चमच्याने ढवळत राहतात. कोरडी पूड आधी ओलसर दिसते, मग कडेला चकाकते, मग बघता बघता पेल्यात काचेसारखा स्वच्छ द्रव. "पाणी कुठून आलं?" सर विचारतात. नवा माणूस म्हणतो, पुडीला पाणी सुटलं असेल. सर याच उत्तराची वाट बघत असतात. "मुंबईत सुटलं असतं! कोलीन क्लोराइडची बाटली तिथं उघडी ठेवली की हवेतलं पाणी ओढून घेते. इथं हवेत पाणी आहे कुठं?" एप्रिल महिना असतो, पंखा गरम वारा फेकत असतो, आणि नव्या माणसाला बदलीचा अर्ज डोळ्यांपुढे दिसायला लागतो.

कोलीन क्लोराइड मिळवण्याचीही एक कथा आहे. प्रयोगशाळेच्या दर्जाचं महाग, आणि मागवायचं तर तीन कोटेशनं. सरांनी वाचलं की हेच रसायन कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, टनावारी खपतं, स्वस्त आहे. गेले पोल्ट्री खाद्याच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, "किती पक्षी आहेत?"

"पक्षी नाहीत."

"मग काय, आता टाकणार शेड?"

"नाही. मला ते वितळवायचंय."

दुकानदाराने माल दिला, पण बिलावर नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. घरी येऊन सरांनी पिशवी फोडली तर आत तपकिरी भुगा. लेबल वाचलं तेव्हा उलगडा झाला. खाद्यासाठीचं कोलीन क्लोराइड बहुधा साठ टक्के असतं आणि ते दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुग्यात मुरवलेलं असतं. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. सर तासाभरात माझ्याकडे पिशवी घेऊन हजर. "अहो, द्रावकही यातच आणि पिकाचा अवशेषही यातच! निम्मा प्रयोग कंपनीनंच करून दिलाय!" मला त्यातलं काही कळलं नाही, पण एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला चहा तरी विचारावा म्हणून विचारला.

वहिनींचा याबाबतीत वेगळा हिशेब आहे. त्यांच्या घरात अंडं शिजत नाही. "कोंबडी आली नाही, तिचं खाद्य मात्र आलं," एवढंच त्या बोलल्या. लॅक्टिक आम्ल म्हणजे ताकातलंच आम्ल, असं सर त्यांना समजावायला गेले, तर त्यांनी ताकाचं भांडं उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

त्यांच्या सोसण्याची परीक्षा मिक्सरने घेतली. विभागातलं दळणयंत्र बंद पडलं होतं आणि दुरुस्तीची फाइल कुठल्याशा टेबलावर विसावली होती. कडबा बारीक केल्याशिवाय द्रावक आत शिरत नाही. सरांनी सुट्टीच्या दुपारी घरचा मिक्सर काढला. त्यातही शेंगाचटणीचं भांडं, कारण त्याचं पातं दणकट. सोलापुरात शेंगाचटणीच्या भांड्याला हात लावणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सरांनी कडबा दळला, चाळला, भांडं धुऊन जागेवर ठेवलं आणि आपल्यासारखा नीटनेटका नवरा नाही अशा समाधानात झोपले. रात्री मी जेवायला होतो. कडक भाकरी, दही, वर चटणी. पहिल्या घासाला दातात काहीतरी चिवट आलं, दुसऱ्या घासाला खात्री पटली. सरांनी बोटावर चटणी घेऊन उजेडात धरली आणि उत्सुकतेने म्हणाले, "मालदांडीचाच कडबा दिसतोय." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सेल्युलोज आहे, खा. म्हशी खातात." त्या महिन्यात उखळ माळ्यावरून खाली आलं, आणि चटणी खरंच सुधारली.

पण सरांचा खरा शत्रू वहिनी नव्हेत, पाणी आहे. हिरव्या द्रावकाची एक खोड कुठल्याही जाहिरातीत ठळक छापत नाहीत. तो घट्ट आणि चिकट असतो, काडीला धरून बसतो. तेलाच्या टाकीत 120 अंशांवर काही तास ठेवल्यावर मिश्रण काळंभोर होतं, सर म्हणतात "उतरली खळ!", आणि तिथून पुढे धुणं सुरू होतं. धुवा, गाळा, पुन्हा धुवा. द्रावक राहिला तर एन्झाइम रुसतं. धुतलेल्या पाण्यात लिग्निन तपकिरी साका होऊन खाली बसतं, ते वेगळं काढायचं. मग त्या पाण्यातून द्रावक परत मिळवायला पाणी आटवायचं, म्हणजे पुन्हा इंधन जाळायचं. इंधन करण्यासाठी किती इंधन जाळायचं, हा प्रश्न विचारला की सर पटकन चष्मा पुसायला घेतात.

आणि सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. उजनी भरलेलं असो की आटलेलं, वेळापत्रक ढळत नाही. त्यामुळे सरांच्या संशोधनाला महापालिकेचं पंचांग लागू आहे. पाण्याचा दिवस तो धुण्याचा दिवस. त्यांच्या एका विद्यार्थ्याने प्रबंधात 'प्रक्रिया कालावधी : 96 तास' असं लिहिलं होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, इतका वेळ का? मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, नळ तेव्हा येतो."

आता असं धरू, की कुलूप उघडलं, पाणी मिळालं, आटवायला सोलापूरचं ऊन पुरलं. मग काडी आणायची कुठून? सरांची खरी शोकांतिका इथे सुरू होते. परदेशी निबंधांत पहिल्याच ओळीत असतं, की जगात दरवर्षी पिकांचे अवशेष प्रचंड प्रमाणात वाया जातात. सरांनी ही ओळ इतक्या वेळा वाचली, की ते वाया गेलेल्या मालाच्या शोधात जिल्हाभर फिरले. आणि त्यांना कळलं, की सोलापूर जिल्ह्यात काहीही वाया जात नाही.

कडबा घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी देशभर नावाजली, पण शेतकऱ्याला विचारा तो मालदांडी का सोडत नाही. निम्मं उत्तर भाकरी, निम्मं कडबा. कडब्याला शेकड्यावर भाव असतो आणि दुष्काळी साली तो असा चढतो, की गंजीला राखण बसवावी लागते. सरांनी एका वस्तीवर जाऊन "टाकाऊ कडबा आहे का?" असं विचारलं. म्हातारीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग म्हशीकडे. "टाकाऊ व्हय? तिलाच इचारा की ओ."

सरांनी खरंच म्हशीकडे बराच वेळ पाहिलं. परत येताना गप्प होते. मग म्हणाले, "तिच्या पोटात जे 39 अंशांना फुकटात होतं, ते मला 120 अंशांना कर्ज काढून करावं लागतं." रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव सेल्युलोज फोडतात, कुठल्या कंपनीचं एन्झाइम विकत घेत नाहीत, आणि वर दूध देऊन उरलेल्याच्या गोवऱ्याही करून देतात. तेव्हापासून रस्त्यात म्हैस आडवी आली की सर स्कूटर बाजूला घेऊन तिला वाट देतात. पोरं म्हणतात, सिनियर सायंटिस्ट आहे.

उसाचं चिपाड? ते कारखान्याच्या बॉयलरला जातं आणि त्याची वीज होते. तिथे सरांना गेटवरच उत्तर मिळालं. वाढं जनावरांना. शेंगांची टरफलं वीटभट्टीला. तुराट्यांचं कुंपण, कूड आणि चूल. धसकटं बायका वेचून नेतात. उरलं पाचट, जे अजूनही बरेच जण सरळ पेटवून देतात, हेक्टरी आठ-दहा टन. सरांचे डोळे चमकले. तर कृषी सहायक आडवे आले. गेली कित्येक वर्षं ते घसा फोडून सांगताहेत, पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा, कुजवा, जमिनीला कर्ब मिळू द्या. "आत्ता कुठं लोक ऐकायला लागलेत सर, आणि तुम्ही ते उचलून न्यायला निघालात?" सरांकडे यावर उत्तर नव्हतं, कारण बारा तत्त्वांमध्ये कृषी सहायकाचाच पक्ष बरोबर ठरत होता. माझ्या मते इथेच ते इतर ध्यासवाल्यांहून वेगळे. दुसरा असता तर कृषी सहायकाला अडाणी ठरवून मोकळा झाला असता. सर घरी आले आणि आपल्या प्रस्तावातला पाचटाचा आकडा खोडून निम्मा केला. अनुदान अर्थातच मिळालं नाही. आकडे खोडून निम्मे करणाऱ्याला अनुदान देण्याची पद्धत अजून सुरू व्हायची आहे.

त्यांना हेवा वाटतो तो पानिपतचा. तिकडे भाताचा पेंढा जनावरं फारशी खात नाहीत, रब्बीच्या पेरणीची घाई असते, म्हणून शेतकरी तो जाळतात आणि धूर दिल्लीच्या डोळ्यांत जातो. म्हणून तर इंडियन ऑइलने तिथे नऊशे कोटींहून जास्त खर्चून प्रकल्प उभारला. 10 ऑगस्ट 2022 ला पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी योजना. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं, हे सांगताना सरांची मान ताठ होते. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला हा भागाकार करून दाखवला होता : टनाला दीडशे लिटर. आकडे पत्रावळीवर मठ्ठ्याने लिहिले होते. वाढपी जिलबी घेऊन थांबला होता. "तिथं काय आहे माहितीये?" सर म्हणाले, "तिथं धूर आहे! आपल्याकडं धूरच नाही, तर सरकारला दिसणार काय?"

फलटणचं नाव निघालं की मात्र हळवे होतात. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी गोड ज्वारीच्या ताटाच्या रसापासून अल्कोहोल केलं, त्यावर चालणारे कंदील आणि शेगड्या केल्या. कणीस माणसाला, रस शेगडीला, चोथा जनावराला. "कुणाच्याच तोंडचा घास काढला नाही," असं म्हणून सर खिडकीतल्या तुराट्यांकडे बघत बसतात.

मध्यंतरी वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं आणि गाड्यांचं अ‍ॅव्हरेज घटल्याची ओरड सुरू झाली. आमच्या गल्लीत त्याचा सगळा राग सरांवर निघाला. शेजारचे बुलेटवाले रोज सकाळी विचारायचे, "काय सर, आज किती पाणी घातलंत?" इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे थोडा फरक पडणारच, हे सरांनी खरं खरं सांगितलं. खरं सांगितल्यामुळे ओरड वाढली. पेट्रोलमधला एक थेंबही सरांच्या पेल्यातून गेलेला नाही, हे कुणालाच पटेना. वहिनींनीही पटवून द्यायचा फार प्रयत्न केला नाही.

आणि मग सांगोल्याहून एका विद्यार्थ्याच्या मामांचा निरोप आला. त्यांची डाळिंबाची बाग. तेल्या रोग पडलेला. तेल्याच्या फांद्या छाटून बागेबाहेर नेऊन जाळायच्या असतात, नाहीतर जिवाणू पुन्हा पसरतात. जनावर खात नाही, कुजवायचं नाही, कुंपणाला लावायचं नाही. जाळायचंच! सर मला घेऊन निघाले. बांधापलीकडे छाटलेल्या फांद्यांचा हा मोठा ढीग. सरांनी एक फांदी मोडली, एक डोळा बारीक केला, आणि इतका वेळ बघत राहिले की मामांना वाटलं यांना चक्कर येतेय.

"लाकडासारखं आहे, लिग्निन भरपूर," सर पुटपुटले. "120 अंशांना जिवाणूही मरतील." मग मोठ्याने, "हे मी नेऊ का?"

"न्या की ओ! समदं न्या! काडेपेटी वाचली माझी." मामांनी पोराला दोरी आणायला पिटाळलं. "पण करणार काय ह्याचं?"

इथे शहाण्या माणसाने 'झाडांना खत' असं काहीतरी सांगितलं असतं. मी सरांच्या पायावर पाय दिला. पण कुणी विचारलं आणि सरांनी अर्धवट सांगितलं, असं आजवर झालेलं नाही. खळ, कोलीन क्लोराइड, लेस्टर, पानिपत, टनाला दीडशे लिटर, सगळं झालं. आजवर कुणी ते शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. मामांनी ऐकलं. मध्ये दोन प्रश्नही विचारले, आणि दोन्ही नेमके होते.

"म्हंजी ह्याचं पेट्रोल निघतंय म्हणा की."

"इथेनॉल."

"तेच ते." मामांनी ढिगाभोवती एक फेरी मारली. दोरी घेऊन आलेल्या पोराला हातानेच थांबवलं. "मग सर, टनाला काय भाव धरायचा?"

मला वाटलं सर खचतील. सरांनी माझा दंड धरला आणि कानात म्हणाले, "बघितलंत? कच्च्या मालाला बाजार तयार झाला!" खिशातून पैसे काढून त्यांनी एक मोळी विकत घेतली, पावती मागितली, आणि तेल्या गावभर सांडू नये म्हणून ती पोत्यात घट्ट शिवून स्कूटरला बांधली. मामा निरोप द्यायला बांधापर्यंत आले. "पुढल्या छाटणीला आधी फोन करा. दुसरं कोण आलं तर भाव बदलंल."

आठवड्याने फोन आला, पण तो कृषी सहायकांचा. आवाज चढलेला होता. चार बागांमध्ये लोकांनी तेल्याच्या फांद्या जाळायच्या थांबवल्या होत्या. ढीग रचून वर ताडपत्री टाकली होती, आणि विचारलं की सांगत होते, सोलापूरचे सर भाव देणार हायत.

"रोग पसरला तर जबाबदार कोण, सर? आता तुम्हीच या आणि तुमच्या हातानं पेटवा."

"येतो ना, उद्याच येतो," सर म्हणाले. "फक्त पेटवायच्या आधी वजन करून ठेवाल का?"